पाठीमागची खुर्ची

डॉ. सुलोचनाताई थेटे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती पिसाळलेल्या कुत्र्यांच्या निमित्ताने. मी नाशिक रोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलांना रेबीजची माहिती द्यावी म्हणून शाळेने ताईंना बोलावले होते आणि पाहुण्यांची ओळख करून देण्याचे काम, मराठीची शिक्षिका म्हणून, अर्थातच माझ्या गळ्यात पडले होते. पशुवैद्यकीय खात्यात पेठ आणि घोटी येथे प्रदीर्घ सेवा, निवृत्तीनंतर गंगापूर रोडला वास्तव्य, असे मी कागदावर उतरवून घेतले होते. ताई आल्या त्या एका करड्या गावठी कुत्रीला सोबत घेऊन. कुत्री बाहेर बांधावी, असे मुख्याध्यापकांनी हळूच सुचवले. “मग मीही बाहेरूनच बोलते,” ताई म्हणाल्या, आणि व्याख्यान मैदानात झाले. मुले खूश, मुख्याध्यापक नाराज. ताईंच्या बऱ्याच कामांचा निकाल असाच लागतो, हे मला पुढे कळले.

व्याख्यान संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले. “तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर भिंतीला पाठ लावून एक गृहस्थ मघापासून उभे आहेत. कोण ते?”

ते माझे पती होते. प्रकाश गांगुर्डे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रोज ते मला स्कूटरवरून सोडायला आणि न्यायला यायचे, पण आत कधी येत नसत. आमची मुलगी प्रज्ञा याच शाळेत होती. स्नेहसंमेलनात तिला बक्षीस मिळाले तेव्हाही ते फाटकाबाहेरच होते. मी ताईंना काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ताईंनी ते ऐकून घेतले, थेट यांच्यापाशी गेल्या आणि कुत्रीचा पट्टा पुढे केला. “जरा धरता का? मी गाडी काढून आणते.” गाडी समोरच उभी होती. ती काढायला ताईंना जो वेळ लागला, तेवढ्या वेळात मी मुलांच्या अर्ध्या वह्या तपासून टाकल्या असत्या. त्या परतल्या तेव्हा कुत्री यांच्या पायावर हनुवटी ठेवून झोपली होती आणि हे भिंतीपासून थोडे पुढे सरकले होते. “रविवारी हिला फिरवायला माणूस नसतो,” एवढेच बोलून ताई निघून गेल्या.

ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या सरकारी सेवेविषयी, त्यांनी गावोगाव घेतलेल्या लसीकरणाच्या मोहिमांविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या शेडविषयी. गिरणाऱ्याच्या बाजूला त्यांच्या माहेरच्या द्राक्षबागेत एक जुने पॅकिंग शेड आहे. एके काळी तिथे द्राक्षांच्या पेट्या भरल्या जायच्या. आता तिथे ताई कुत्र्यांना शिकवतात आणि ती कुत्री माजी सैनिकांच्या घरी राहायला जातात. संस्थेला रीतसर नाव आहे, पण ते फक्त पत्रव्यवहारात वापरतात. आम्ही सारे ‘शेडवर जातो’ असेच म्हणतो.

यांना काय झाले होते, ते थोडक्यात सांगते. सीमेवर असताना यांच्या पाठीमागे स्फोट झाला. पाठीमागे चालणारे दोन सोबती गेले आणि हे वाचले. शरीरावरच्या जखमा भरल्या. पण त्यानंतर, स्कूटरवर मागे बसणारी मी सोडले तर, यांना पाठीमागे कुणी खपेना. भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत, विहारात, कुठेही मागे कुणी उभे राहिले की पाय थरथरू लागायचा, घाम फुटायचा आणि हे तिथून निघून जायचे. घरातसुद्धा भिंतीला टेकूनच जेवायचे. वैद्यकीय भाषेत याला आघातोत्तर तणाव म्हणतात. आमच्या घरात त्याला काहीच म्हणत नव्हते. सासूबाई म्हणायच्या, “पोरगं अबोल झालं,” आणि मी विषय बदलायचे.

अनेकांना वाटते की ताई कुत्र्याच्या प्रेमाने माणूस बरा करतात. असे कुणी त्यांच्यासमोर म्हणाले तर त्या चक्क रागावतात. हे कुत्रीला फिरवायला गेले त्या पहिल्याच रविवारी त्यांनी यांना बजावले होते, “प्रकाशराव, मी जनावरांची डॉक्टर आहे. माणसांच्या डॉक्टरांकडे जाणं चुकवलंत, गोळ्या चुकवल्यात, तर कुत्रा परत घेऊन जाईन. तो औषध नाही. तो सोबतीला आहे.” यांनी त्या अगोदर औषध किती वेळा अर्धवट सोडले होते, ते मला ठाऊक आहे. ताईंच्या धाकाने तेव्हापासून एकही खेप चुकलेली नाही.

ताईंची कुत्रे निवडण्याची रीतही निराळी. मोठ्या मनाचे लोक महागडी, झुबकेदार कुत्री द्यायला येतात. ताई त्यांना चहा देतात आणि कुत्र्यासकट परत पाठवतात. त्यांची निवड गावठी कुत्र्यांतूनच होते, कारण आपल्या उन्हाची, आपल्या धुळीची आणि आपल्या गोंगाटाची त्यांना सवय असते. परीक्षा अगदी साधी असते. फरशीवर स्टीलचे ताट जोरात पाडायचे. पळून जाऊन परत येत नाही, ते कुत्रे नापास. आता कुणालाही वाटेल की ढिम्म न हलणारे कुत्रे पहिले येत असेल. तर तेही नापास. दचकते, मागे सरते आणि मग स्वतःहून पुढे येऊन ताट हुंगते, ते कुत्रे पास. एकदा मी त्यांना याचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, “जो दचकतच नाही, त्याला दुसऱ्याचं दचकणं कसं कळणार?”

आमचा भुऱ्या असाच निवडला गेला. पेठच्या एसटी स्टँडवर ताईंना सापडलेले हे पिल्लू शेडवर येऊन वाढले होते. परीक्षेच्या वेळी हे तिथेच होते. ताई म्हणाल्या, “प्रकाशराव, मी आता ताट पाडणार आहे. बाहेर जायचं तर जा.” हे थांबले. ताट पडले. भुऱ्या दचकून मागे सरला आणि, आधीच सांगितलेले असूनही, हेही भिंतीला जाऊन टेकले. भुऱ्याने पुढे येऊन ताट हुंगले, ते सोडून दिले आणि सरळ यांच्यापाशी जाऊन यांच्या थरथरत्या पायावर अंग टेकून बसला. “माहीत असूनही दचकलो,” हे ओशाळून म्हणाले. “त्यानं कुठं नावं ठेवली?” ताई म्हणाल्या. त्या दिवशी घरी येताना हे स्कूटरवर चक्क गुणगुणत होते. मी मागे बसून ऐकत होते आणि रडत होते.

पुढचे कित्येक महिने शिकवण्यात गेले. पाय थरथरू लागला की भुऱ्याने त्यावर हनुवटी दाबून ठेवायची. झोपेत हे ओरडू लागले की हात चाटून जागे करायचे. रांगेत आडवे उभे राहून माणसांना जरा लांब ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हे कुठे बसले की यांच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून बसायचे. मागे काय चालले आहे ते भुऱ्या बघणार, म्हणून यांनी वळून बघायचे कारण नाही. इतका साधा हिशेब. पण यांच्या मनाला तो पटायला फार वेळ लागला.

या सगळ्याला एक कडक नियम होता. कुत्र्याला खाऊ घालायचे ते फक्त यांनी, आपल्या हाताने. आणि इथेच आमचे घोडे पेंड खाऊ लागले. माझ्या सासूबाई सखुबाई या दिंडोरीकडच्या. दारात आलेल्या मुक्या जिवाला उपाशी ठेवणे त्यांना जन्मात जमले नाही. आम्ही बाहेर पडलो की दूधपोळी, भाकरीचा कुस्करा, मटणाच्या रश्श्यात भिजवलेला भात असे सगळे गुपचूप सुरू व्हायचे. भुऱ्या गुबगुबीत झाला आणि दिवसभर सासूबाईंच्या पदराला चिकटून बसू लागला. यांनी हाक मारली की मान वळवून आधी सासूबाईंकडे पाहायचा. महिनोन् महिन्यांची मेहनत वाया चालली होती. हे म्हणू लागले, “त्याला आईच आवडते. परत नेऊन देतो.” मी ताईंना फोन लावला.

ताई घरी आल्या. त्या आता सासूबाईंना फैलावर घेणार, अशी मला भीती होती. सासूबाईच आधी म्हणाल्या, “बाई, म्या काय वाईट केलं? लेकरू भुकेनं तोंडाकडं बघतंय, अन् म्या गिळू व्हय? मला नाय जमायचं.”

“नका जमवू,” ताई म्हणाल्या. “उलट आजपासून त्याचं खाणं तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं नको. फक्त मीठमसाला नाही. आणि केलं की पातेलं प्रकाशरावांच्या हातात द्यायचं. पुढचं ते बघतील.”

सासूबाईंनी विचार केला. “म्हंजी रांधायचं म्या अन् घालायचं त्यानं.”

“हो. तो घेतो की नाही, ते बघायला तुम्ही उभं राहायचं.”

आता यातली मेख सांगते. या मायलेकांत कित्येक वर्षे धड बोलणे नव्हते. भांडण नव्हते, पण हे आपल्या कोपऱ्यात आणि त्या आपल्या चुलीपाशी. ताईंच्या या नियमामुळे सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोघांची गाठ पडू लागली. आधी नुसते पातेले हातातून हातात जायचे. मग, “आज कमी खाल्लं रं त्यानं.” मग, “आई, भात जरा मऊ कर.” आणि एक दिवस मी शाळेतून आले तर सासूबाई पातेले धरून उभ्या आणि हे त्यांना त्या गेलेल्या दोन सोबत्यांविषयी सांगत होते. एक कसा खादाड होता आणि दुसरा कसा त्याच्या डब्यातले चोरायचा, ते सांगत होते. मला यांनी ते कधीच सांगितले नव्हते. मी चपला हातात घेऊन मागच्या मागे फिरले आणि शेजारणीकडे जाऊन बसले. भुऱ्याचे खाणे त्या दिवशी थंड झाले असणार.

ताईंना हे सुचते कुठून, असा प्रश्न आम्हा सगळ्यांनाच पडतो. एकदा शेडच्या पायरीवर बसून द्राक्षे खाताना त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. तोही सैन्यातून परतला होता. घरात झोपेना, याच शेडमध्ये येऊन पडायचा. बागेतले एक काळे कुत्रे त्याच्याजवळ असायचे आणि ते जवळ असले की त्याला झोप लागायची. घरच्यांना वाटले, माणूस वाया गेला, कुत्र्याबरोबर राहतो. ते कुत्रे मेले आणि त्यानंतर भाऊही फार दिवस राहिला नाही. “मी जनावरांची डॉक्टर, आणि त्या कुत्र्याकडे माझं लक्षच नव्हतं,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी द्राक्षाच्या बिया कागदात गुंडाळल्या आणि उठल्या. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता प्रज्ञाच्या लग्नाचे सांगते, कारण मला लिहायचे होते ते खरे हेच. लग्न ठरले तेव्हा प्रज्ञाने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली. “पप्पा, तुम्ही पुढं बसायचं. शाळेच्या फाटकासारखं बाहेर नाही.” आमच्या बौद्ध पद्धतीच्या लग्नात आईवडील अगदी पुढे बसतात, सारे सभागृह पाठीशी असते आणि विधी संपताच मागून फुलांच्या पाकळ्या उधळल्या जातात. म्हणजे यांना ज्या गोष्टीची भीती, नेमकी तीच. माणसे मागे आणि मागूनच अंगावर काहीतरी येणार. हे प्रज्ञाला “बघू” म्हणाले. बाप लेकीला “बघू” म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, ते प्रज्ञाला लहानपणापासून ठाऊक होते.

ताईंनी हे लग्न मनावर घेतले. शेडवर रोज तालीम सुरू झाली. हे खुर्चीत, भुऱ्या पाठीमागे तोंड करून, आणि त्याच्या मागे बाकीचे माजी सैनिक हातात झेंडूच्या पाकळ्या घेऊन. हे सगळे दणकट मिशीवाले गडी अगदी गंभीर चेहऱ्याने यांच्या डोक्यावर फुले टाकत, आणि ताई म्हणत, “जरा जोरात, हे लग्न आहे.” हळूहळू यांचा पाय थरथरायचा थांबला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे प्रज्ञाला म्हणाले, “बसतो.” तिने यांना मिठी मारली आणि भुऱ्यालाही.

हळदीच्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरले. भुऱ्याचे कौतुक सगळ्या नातेवाइकांच्या कानावर गेलेलेच होते. ज्याने दादाला बरे केले तो हा कुत्रा, असे म्हणून प्रत्येकाने मायेने त्याला काही ना काही घातले. कुणी जिलेबी, कुणी मटणाचा तुकडा, कुणी हाडूक. सासूबाई वऱ्हाडाच्या गडबडीत होत्या, त्यांची पाठ वळली तेवढेच निमित्त झाले. लग्नाच्या सकाळी भुऱ्या उठेना. उलट्या, पोट फुगलेले. त्याला उचलून शेडवर नेले. ताईंनी सलाइन लावले, पोट चाचपले आणि म्हणाल्या, “वाचेल. पण आज उभा राहणार नाही.”

हे तिथेच खाली बसले. “मग मी दाराशी थांबतो,” म्हणाले. “प्रज्ञाला समजावून सांग.” सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, “लय मोठी चूक झाली माही. म्या त्याच्यापासून हलायलाच नव्हतं पायजे.” मी नवरीची आई होते, मला रडायलाही सवड नव्हती. ताई भुऱ्यावरून हात फिरवत बसल्या होत्या.

कार्यालय भरले. नवरानवरी पुढे आली. आईवडिलांच्या दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी होती आणि हे मागच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे होते. प्रज्ञा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायचे टाळत होती. इतक्यात ताई आल्या. अंगावर शेडवरचीच साडी, हाताला औषधाचा वास. त्यांनी यांचा दंड धरला. “भुऱ्याला शेडवर माझा सहकारी बघतोय. चला.” सगळ्या माणसांमधून त्या यांना पुढे घेऊन आल्या, खुर्चीत बसवले आणि शेजारच्या मुलाला म्हणाल्या, “मला एक खुर्ची दे रे.” ती खुर्ची त्यांनी यांच्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली आणि तिच्यात बसल्या. नवरानवरीकडे पाठ, आणि तोंड साऱ्या वऱ्हाडाकडे.

सत्तरी ओलांडलेल्या, जिल्हाभर मान असलेल्या डॉ. थेटे लग्नाला येऊन उलट्या बसल्या आहेत, हे पाहून वऱ्हाडात कुजबुज झाली. व्याही मंडळींतले एक गृहस्थ अदबीने म्हणाले, “मॅडम, लग्न तिकडं आहे.” ताई म्हणाल्या, “ठाऊक आहे. माझं काम इकडं आहे.” आणि त्या समोर बघत राहिल्या, अगदी भुऱ्या बघायचा तशा, शांतपणे, एकेका चेहऱ्याकडे. वंदना सुरू झाली. यांचा पाय थरथरू लागलेला मला दिसला. मागून ताईंचा आवाज आला, “प्रकाशराव, मागं तुमची आत्या आहे, दोन म्हाताऱ्या आहेत आणि एक लहान मूल लाडू खातंय. दुसरं काही नाही. तुम्ही पुढं बघा.” पाकळ्या पडायच्या आधी त्यांनी सांगितले, “आता फुलं येतील.” आणि फुले आली. यांच्या खांद्यावर, केसांत, ताईंच्या चष्म्यावर. हे किंचित दचकले आणि मग मागे टेकले. दोन खुर्च्यांच्या पाठी एकमेकींना लागल्या. यांनी वळून पाहिले नाही. हे प्रज्ञाकडे बघत होते आणि प्रज्ञा यांच्याकडे.

जेवताना ताई मला म्हणाल्या, “रत्नमाला, तुझ्या मुलीचं लग्न मला दिसलंच नाही. फोटो आले की दाखव.” फोटो आले. त्यातल्या एकातही ताईंचा चेहरा नाही. प्रत्येक फोटोत यांच्या मागे फक्त एक पांढरा अंबाडा दिसतो, आणि त्यावर गुलाबाची पाकळी.

भुऱ्या बरा झाला. आता त्याचे तोंड पांढरे होऊ लागले आहे आणि शेडवर त्याच्या जागेसाठी एक पिल्लू ताट हुंगायला शिकते आहे. पातेले अजून सासूबाईंच्याच ताब्यात आहे.

ताईंच्या अमृतमहोत्सवासाठी समितीने उत्साहाने नाशिक ढोल सांगितला होता. ताईंनी निरोप पाठवला, “ढोल असेल तर माझी माणसं येणार नाहीत, आणि माझी माणसं येणार नसतील तर मी कशाला येऊ?” समितीने ढोल रद्द केला. टाळ्याही नसणार आहेत. सगळ्यांनी नुसते उभे राहायचे ठरले आहे. या समारंभात यांनी काही बोलावे, असा आग्रह झाला. हे नको म्हणाले. पण मग दोन दिवसांनी स्वतःच समितीकडे गेले आणि एक मागणी करून आले. व्यासपीठावर ताईंच्या खुर्चीला पाठ लावून एक खुर्ची ठेवायची. तिथे हे बसणार. तिकडे पडदा आहे, तिकडे कुणी नसते, असे समितीने समजावले. “मला ठाऊक आहे,” हे म्हणाले. “पण साऱ्या सभेकडे पाठ करून मी बसू शकतो, ते ताईंना कळायला हवं. आणि ताईंच्या मागं कुणीतरी हवं.”

ताई, शेडवरच्या त्या पिल्लाला शिकवायला तुम्ही हव्यात, आणि त्याच्या नंतरच्यालाही. तेवढे आयुष्य तुम्हाला लाभो, आणि गुडघे न कुरकुरता लाभो. त्या दिवशी शाल अंगावर घ्या, समोर बघा आणि निवांत मागे टेका. मागचे आम्ही बघतो.